करायचं कुणी?

सरकारी मराठीच्या बोजडपणाचं खापर तुम्ही संस्कृत शब्दांवर फोडलंय, ते मला अर्धंच पटतं. १९६० साली राज्य सरकारचं, कारभारासाठी मराठी शब्द ठरवणारं भाषा संचालनालय निघालं, त्याच्या कोशांमधले कितीतरी शब्द आता अंगवळणी पडलेत. 'अधिसूचना' वाचून आज कोण दचकतं? खरा घोळ 'करण्यात यावी'चा आहे. आमच्या ऑफिसात एकदा पत्र आलं: 'सदर प्रकरणी आवश्यक ती कार्यवाही तातडीने करण्यात यावी.' कुणी करायची, कधीपर्यंत, काही पत्ता नाही. तीन टेबलं फिरून महिन्याभराने ते पुन्हा माझ्याच ट्रेमध्ये! तेव्हापासून मी सरळ लिहितो, 'लेखा शाखेने १५ तारखेपर्यंत बिलं तपासून आवक-जावक विभागाकडे द्यावीत.' साहेब वर 'उपरोक्त विषयास अनुसरून' चिकटवतातच. चिकटवू देत बापडे.