एकाच घरातले दोन गुडघे: कूर्चेचे इंजेक्शन नेमके कोणाला द्यावे?

प्रश्न (कोथरूडची सून)

नमस्कार. आमच्या घरात सध्या दोघांचे गुडघे दुखत आहेत. धाकटे दीर ३१ वर्षांचे आहेत. दीड वर्षापूर्वी सिंहगडावरून आतकरवाडीच्या वाटेने उतरताना त्यांचा उजवा पाय घसरून पिळला, रात्रीतून गुडघा टम्म सुजला आणि तेव्हापासून अधूनमधून त्यात पाणी होते. सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत. त्यांचे दोन्ही गुडघे आठ-नऊ वर्षे दुखतात, पाय गुडघ्यापाशी बाहेरच्या बाजूला वाकलेले दिसू लागले आहेत, आणि दर शनिवारी चढायची पर्वती आता सुटली आहे.

गेल्या महिन्यात सोसायटीच्या सभागृहात गुडघेदुखीचे शिबिर झाले. तेथे दोघांनाही एकच उपचार सुचवण्यात आला, तो म्हणजे इंजेक्शन देऊन सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, पुन्हा तयार करण्याचा. सासूबाईंचा तर एक्स-रेही कोणी मागितला नाही. ‘ग्रीस संपले आहे, भरून निघेल’ एवढे सांगून, आठवड्याभरात पैसे भरल्यास दुसऱ्या गुडघ्याला सवलत मिळेल असे म्हणण्यात आले. त्यासाठी सासूबाई मुदत ठेव मोडायला निघाल्या आहेत. आषाढी वारीत पालखीबरोबर दिवे घाट चढून सासवडपर्यंत जायचे, एवढीच त्यांची इच्छा आहे.

दिरांच्या एमआरआयच्या अहवालात मांडीच्या हाडाच्या आतल्या टोकावर २ बाय १.५ सेंटिमीटर जागेत पूर्ण जाडीची, चौथ्या श्रेणीची हानी असे लिहिले आहे. एकतीस वर्षांच्या आणि चौसष्ट वर्षांच्या गुडघ्याला एकच औषध कसे चालते, हे मला समजत नाही. या उपचारासाठी रुग्ण कसा निवडतात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (अस्थिरोगतज्ज्ञ, सदाशिव पेठ)

ताई, आपल्या शंकेतच अर्धे उत्तर आहे. आपल्या घरात दोन वेगळे आजार आहेत. दिरांचा गुडघा बाकी सर्व निरोगी असून त्यात एका ठिकाणी, कडा शाबूत असलेला खळगा पडलेला दिसतो. सासूबाईंच्या गुडघ्यात संपूर्ण सांधाच झिजत चालला आहे, म्हणजे कूर्चा, तिच्याखालचे हाड, दोन हाडांमधली गादी आणि पायाची ठेवण हे सारे एकमेकांना ओढत बिघडत आहे. कूर्चा-दुरुस्तीचा उपचार पहिल्या प्रकारासाठी विकसित झाला. दुसऱ्या प्रकारात नवी कूर्चा बसवली तरी ज्या कारणाने जुनी झिजली तेच कारण नवीलाही खाऊन टाकते.

आधी ‘इंजेक्शन’ या शब्दाचा घोळ दूर करू. बाह्यरुग्ण विभागात पाच मिनिटांत दिली जाणारी इंजेक्शने, म्हणजे स्टेरॉइड, हायलुरॉनिक आम्ल किंवा स्वतःच्या रक्तातून काढलेले प्लेटलेटयुक्त द्रव (पीआरपी), यांपैकी एकानेही गेलेली कूर्चा परत येते असे सिद्ध झालेले नाही. पीआरपीची २८८ रुग्णांवरील ऑस्ट्रेलियातील चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत वर्षभरानंतर वेदना आणि कूर्चेचे आकारमान या दोन्ही बाबतींत पीआरपी आणि साधे सलाईन यांत लक्षणीय फरक आढळला नाही. २०१७ च्या एका चाचणीत तर दर १२ आठवड्यांनी दोन वर्षे स्टेरॉइड घेणाऱ्यांची कूर्चा सलाईन घेणाऱ्यांपेक्षा अधिक घटली होती. सुजलेल्या गुडघ्याला तात्पुरता आराम द्यायला यांतली काही इंजेक्शने मीही देतो, पण त्यांना दुरुस्ती म्हणत नाही.

खरी दुरुस्ती म्हणजे रुग्णाच्याच कूर्चापेशींचे रोपण. स्वीडनमधील डॉक्टरांनी १९९४ मध्ये २३ रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हापासून ही पद्धत जगभर गेली. यात दोन टप्पे असतात. पहिल्यांदा दुर्बिणीतून, ज्या भागावर वजन येत नाही तेथून कूर्चेचा २०० ते ३०० मिलिग्रॅमचा तुकडा घेतात. प्रयोगशाळेत चार ते सहा आठवडे त्यातल्या पेशी वाढवतात. मग त्या फायब्रिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या गोंदात मिसळून, साफ केलेल्या खळग्यात सिरिंजने सोडतात. काही मिनिटांत जेल घट्ट होते आणि गुडघा वाकवून-सरळ करून ते हलत नाही ना, हे पाहिले जाते. म्हणजे ‘इंजेक्शन’ असले तरी ती भूल देऊन, शस्त्रक्रियागृहात, खळगा डोळ्यांसमोर ठेवून केलेली शस्त्रक्रिया असते. शिबिरात यातले काय देऊ केले होते, हे लेखी विचारा.

आता निवडीचे. वय साधारणपणे १५ ते ५५ धरतात, पण वय ही फक्त पहिली चाळणी. खळगा पूर्ण जाडीचा हवा आणि त्याच्या भोवती निरोगी कूर्चेची भिंत हवी, कारण जेल धरून ठेवायला कड लागते. कोणता उपचार कोणाला द्यावा हे सुचवणाऱ्या इंग्लंडच्या नाइस संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शनात २ चौरस सेंटिमीटरहून मोठा खळगा, सांध्याची अत्यल्प झीज आणि कूर्चेवर आधी दुरुस्तीची शस्त्रक्रिया झालेली नसणे, अशा अटी घातल्या. शेवटच्या अटीमागे अनुभव आहे: हाडाला बारीक छिद्रे पाडण्याची शस्त्रक्रिया ज्या गुडघ्यात आधी झाली, त्यात पुढचे पेशीरोपण फसण्याचे प्रमाण जास्त आढळते. खळग्याच्या अगदी समोरच्या पृष्ठभागावरही तशीच जखम असेल, गादी जवळजवळ संपूर्ण काढलेली असेल, संधिवात किंवा जंतुसंसर्ग असेल, तर मी नाही म्हणतो. वजन फार असेल तर आधी ते उतरवायला सांगतो आणि तंबाखू व सिगारेट बंद करायला लावतो.

ज्या दोन गोष्टी घाईत राहून जातात त्या म्हणजे पायाची ठेवण आणि अस्थिबंध, म्हणजे हाडे एकमेकांना बांधून ठेवणारे पट्टे. दिरांचा कमरेपासून घोट्यापर्यंतचा, उभे राहून काढलेला लांब एक्स-रे हवा. वजनाची रेषा खळग्यावरूनच जात असेल तर आधी किंवा त्याच वेळी हाड कापून पाय सरळ करावा लागतो. आणि त्यांना एक प्रश्न विचारा: उतारावर किंवा वळताना गुडघा सटकतो का? पिळवटून झालेल्या दुखापतीत पुढचा अस्थिबंध तुटणे अगदी नेहमीचे आहे, आणि सैल गुडघ्यात नवी कूर्चा टिकत नाही.

सासूबाईंचाही उभ्यानेच एक्स-रे काढा. झोपून काढलेल्या एक्स-रेत वजन नसल्यामुळे ‘गॅप’ चांगला दिसू शकतो आणि सगळ्यांचीच दिशाभूल होते. एक्स-रेवरून सांध्याची झीज ठरवण्यासाठी केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये दिलेल्या श्रेणींत तिसरी किंवा चौथी श्रेणी निघाली, तर पेशीरोपणाचा विचार सोडून द्यावा. ‘ग्रीस संपले’ हे शब्द मला फार लागतात, कारण त्या दोन शब्दांवर विश्वास ठेवून घरचे सोने मोडलेली माणसे मी तपासली आहेत. स्टेम सेलच्या नावाने काही देऊ केले असेल, तर त्या उत्पादनाला औषध महानियंत्रकांची मान्यता आहे का आणि झिजेच्या कोणत्या श्रेणीसाठी आहे, याचा कागद मागावा. चाचणी असेल तर तिची सीटीआरआयमध्ये, म्हणजे भारतातील वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत, नोंद हवी, आणि चाचणीतल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात.

उत्तर २ (फिजिओथेरपिस्ट, डेक्कन)

डॉक्टरांनी सांगितलेल्यात माझी एक भर आहे. मांडीचे हाड आणि कूर्चा जुळली तरी माणूस जुळतो का, हे कोणी पाहत नाही. मांडीच्या हाडाच्या टोकावर रोपण झाल्यानंतर साधारण सहा आठवडे त्या पायावर पूर्ण वजन टाकता येत नाही, कुबड्या लागतात, रोज काही तास गुडघा हळूहळू वाकवण्याचा व्यायाम असतो, आणि पळणे किंवा गड उतरणे यासाठी वर्षभर थांबावे लागते. आपले दीर कितव्या मजल्यावर राहतात आणि लिफ्ट आहे का? हिंजवडीला दुचाकीने जात असतील तर मागचा ब्रेक बहुधा उजव्या पायानेच दाबावा लागतो. किती रजा मिळेल? हे प्रश्न किरकोळ वाटतात, पण दुसऱ्याच आठवड्यात ‘आता दुखत नाही’ म्हणून जिना उतरलेल्या रुग्णाचे रोपण सुटलेले मी पाहिले आहे.

मी शस्त्रक्रियेआधीच रुग्णाला बोलावते. वाटीच्या वरच्या कडेपासून १० सेंटिमीटर वर पेनने खूण करते आणि दोन्ही मांड्यांचा घेर टेपने मोजते. दुखरी मांडी दोन-तीन सेंटिमीटरने बारीक भरली, तर सहा ते आठ आठवडे आधी स्नायू तयार करून घ्यावा असे मी शल्यविशारदांना कळवते. त्या काळात जो नियमित येतो, तो शस्त्रक्रियेनंतरही येतो. ज्याला तीनदा फोन करावा लागतो, त्याच्याबद्दलही मी स्पष्ट लिहिते.

सासूबाईंसाठी मांडीचे व्यायाम आणि वजन हेच आजचे औषध आहे. शरीराचे वजन १ किलोने उतरले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी कमी होतो, असे झीज असलेल्या ज्येष्ठांच्या अभ्यासात दिसले आहे. पाच किलो उतरले तरी घाटातल्या हजारो पावलांचा हिशेब त्यांना स्वतःला जाणवेल.

उत्तर ३ (शिक्षक, सिंहगड रस्ता)

मी ४६ वर्षांचा असून माझी या उपचारासाठी निवड झाली होती. एमआरआयमध्ये एकच खळगा होता. पहिल्या टप्प्यासाठी भूल दिली, दुर्बीण घातली आणि शुद्धीवर आल्यावर मला सांगण्यात आले की तुकडा घेतलाच नाही. खळगा एमआरआयवर दिसला त्याच्या जवळपास दुप्पट निघाला आणि समोर, नडगीच्या हाडावरही कूर्चा सोललेली होती. मी त्या वेळी फार चिडलो, कारण वर्षभराची आशा त्या दिवसावर लावून बसलो होतो. नंतर डॉक्टरांनी मला आतले चित्रण दाखवले. एका बाजूला कूर्चा ओल्या नारळाच्या खोबऱ्यासारखी पांढरी, गुळगुळीत होती आणि समोर दोन्ही पृष्ठभागांवर पिवळसर हाड उघडे पडले होते. ते पाहिल्यावर मला समजले. ज्यांना मध्येच थांबण्याचे धैर्य आहे अशा डॉक्टरांकडे जा, आणि दुर्बिणीतून वेगळे काही दिसल्यास काय करणार, हे आधी विचारून ठेवा.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. दोघांचेही उभ्याने एक्स-रे काढले. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांत आतल्या बाजूला फट उरलेलीच नाही. अहवालात चौथी श्रेणी आहे. दिरांना सटकण्याबद्दल विचारले तेव्हा ते आधी काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले की उतारावर तीनदा तसे झाले, पण घरात काळजी नको म्हणून सांगितले नाही. एमआरआयच्या अहवालाचे दुसरे पान आम्ही कोणीच नीट वाचले नव्हते. पुढचा अस्थिबंध तुटल्याचे तेथे स्पष्ट लिहिले आहे. ते तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि लिफ्ट नाही.

उत्तर (अस्थिरोगतज्ज्ञ, सदाशिव पेठ)

मग क्रम बदलतो. दीर अजूनही योग्य रुग्ण ठरू शकतात, पण अस्थिबंधाची पुनर्रचना केल्याशिवाय नाही. पहिल्या टप्प्याच्या दुर्बीण तपासणीत खळगा मोजून तुकडा घ्यावा, आणि रोपणाच्या वेळीच अस्थिबंध करायचा की आधी, हे त्यांच्या शल्यविशारदांनी गुडघा हाताने तपासून ठरवावे. तोवर सहा आठवडे फिजिओथेरपी सुरू करा आणि शस्त्रक्रियेनंतरच्या दीड-दोन महिन्यांसाठी तळमजल्यावर कोणा नातेवाइकांकडे खोली मिळते का ते पाहा. गड मात्र आजपासून बंद.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि ठेव मोडू देऊ नका. तीन महिने व्यायाम, वजन, हातात काठी आणि गरजेपुरते लावायचे वेदनाशामक मलम एवढे करून पाहू. त्यानंतरही रात्री झोप मोडत असेल तर सांधेबदलाविषयी त्यांच्याशी समोर बसून बोलेन. यंदा त्यांनी पूर्ण घाट चढू नये. पालखी पुण्यातून निघते तेव्हा हडपसरपर्यंतचा सपाट रस्ता, मध्ये दोनदा बसून, जमतो का ते पाहावे.