लाळग्रंथीत कोनेक्सिन-४३ दिसत नाही. तातडीने मदत हवी आहे

पेशीवेडा: लाळग्रंथीच्या छेदांवर (पातळ कापांवर) कोनेक्सिन-४३ या पेशी जोडणाऱ्या प्रथिनाची अँटिबॉडी (त्याला चिकटून ते रंगाने दाखवणारे प्रथिन) लावल्यावर नलिका गडद तपकिरी होतात, परंतु लाळ तयार करणाऱ्या ॲसिनर पेशी कोऱ्याच राहतात. या पेशी गॅप जंक्शनने (शेजारच्या पेशींमधील सूक्ष्म मार्गांनी) एकमेकींशी जोडलेल्या असतात, मग प्रथिन गेले कुठे? सोमवारी मार्गदर्शकांना निकाल दाखवायचा आहे, म्हणून कृपया थेट उपाय सांगावा.

सिंहगड_रस्ता: प्राणी कोणता, ग्रंथी कोणती, रंगक्रियेचा संच कोणता आणि प्राथमिक अँटिबॉडी न लावलेली काच कशी दिसते?

ब्लॉटप्रेमी: छेदांच्या भानगडीत न पडता वेस्टर्न ब्लॉट (ऊतकातली प्रथिने आकारानुसार वेगळी करून ओळखण्याची चाचणी) करावा. ४३ किलोडाल्टनच्या आसपास पट्टी दिसली की वाद मिटतो.

सिंहगड_रस्ता: ग्रंथी वाटून टाकली की सर्व पेशींची सरमिसळ होते, आणि प्रश्न तर 'कोणत्या पेशीत' असा आहे. शिवाय जंक्शनमधले कोनेक्सिन-४३ ट्रायटन या डिटर्जंटमध्ये सहजासहजी विरघळत नाही. अपकेंद्रणानंतर तळाचा साका फेकून देणारे त्यासोबत प्रथिनही फेकतात.

पेशीवेडा: विस्टार रॅट, पॅरोटिड (कानाजवळची लाळग्रंथी), बाकी सर्व नेहमीप्रमाणे.

औंधचा_दंतवैद्य: तोंड कोरडे पडत असल्यास पायलोकार्पिन उपयोगी पडते, मात्र दमा आटोक्यात नसेल तर ते देऊ नये.

पेशीवेडा: तोंड माझे नव्हे, रॅटचे आहे.

मुळामुठा: ॲसिनर पेशींना जोडणारी प्रथिने मुख्यतः कोनेक्सिन-३२ आणि २६ ही आहेत, कोनेक्सिन-४३ मायोएपिथेलियल पेशींत (आकुंचन पावून लाळ पुढे ढकलणाऱ्या) आढळते. प्रौढ रॅटच्या पॅरोटिडमध्ये या पेशी ॲसिनसभोवती (ॲसिनर पेशींच्या गुच्छाभोवती) नव्हे, तर बहुतांशी त्याला लागून असलेल्या बारीक इंटरकॅलेटेड नलिकांभोवती असतात. त्यामुळे कोऱ्या ॲसिनरबद्दल चिंता नको. संशय गडद नलिकांवर घ्यावा. सबमँडिब्युलर (जबड्याखालच्या) ग्रंथीचे छेद जोडीला ठेवावेत, कारण तेथे मायोएपिथेलियल पेशी ॲसिनसलाच वेढतात. कोनेक्सिन-४३ साठी हृदय आणि ३२ साठी यकृत हे खात्रीचे नियंत्रण (प्रथिन नक्की असलेले तुलनेचे ऊतक) आहे.

पेशीवेडा: अँटिबॉडी न लावलेल्या काचेवरही नलिका तपकिरीच आहेत. संच ॲव्हिडिन-बायोटिनचा आहे (ॲव्हिडिन बायोटिनला घट्ट चिकटते आणि तिथे रंग येतो).

मुळामुठा: हे आधी सांगितले असते तर बरे झाले असते. स्ट्रायेटेड (मोठ्या, रेघांच्या) नलिकांत मायटोकॉन्ड्रिया भरपूर असतात आणि त्यांच्यातील मूळचे बायोटिनच ॲव्हिडिनला धरून ठेवते, म्हणजे तो तपकिरी रंग कोनेक्सिनचा नव्हे. बायोटिन झाकून घ्यावे किंवा बायोटिनविना चालणारा पॉलिमर संच वापरावा.

गोठलेला_छेद: मी तर म्हणतो, पॅराफिनमध्ये (मेणात) बसवलेले छेद सोडून गोठवलेल्या छेदांवर फ्लुरोसन्स (चमकणाऱ्या रंगाने तपासणी) करावे. झाकलेले प्रथिन उघडे करण्यासाठी पॅराफिनचे छेद सायट्रेटमध्ये उकळल्याने हे बायोटिन अधिकच उघडे पडते.

सिंहगड_रस्ता: उकळल्याविना फॉर्मलिनमधील ऊतकात कोनेक्सिन दिसेलच असे नाही. सोमवारपर्यंत नवे ऊतक कोठून आणणार? पॉलिमर संच शेजारच्या प्रयोगशाळेत मागून पाहावा.