शब्दचर्चा : मटण ‘निबर’ की ‘चिवट’, ‘नासलेले’ की ‘दूषित’?

अनुवादिका

मांसविक्रेते आणि सॉसेज, नगेट, कबाब असे पदार्थ तयार करणारे छोटे व्यावसायिक यांच्यासाठीच्या एका माहितीपुस्तिकेचे मराठी भाषांतर मी सध्या करीत आहे. मांस मऊ कसे राहावे, ते किती दिवस टिकावे आणि खाणाऱ्याला त्यापासून बाधा होऊ नये यासाठी अन्नविज्ञान काय सांगते, एवढाच तिचा विषय आहे. माझे चार ठिकाणी अडले आहे. ‘टफ’ या एका शब्दासाठी मराठीत ‘निबर’, ‘चिवट’ आणि ‘वातड’ असे तीन शब्द समोर येतात. त्यांतला कोणता घ्यावा? ‘एजिंग’साठी, म्हणजे कापलेले मांस थंड जागी काही काळ ठेवून मऊ होऊ देण्यासाठी, ‘परिपक्वन’ हा शब्द मिळाला, परंतु तो दुकानात कोणाला कळेल असे वाटत नाही. ‘स्पॉइल्ड’ आणि ‘कंटॅमिनेटेड’ या दोहोंना सरसकट ‘खराब’ म्हणता येईल का? आणि ‘क्युअर्ड’, म्हणजे मीठ वगैरे लावून टिकवलेल्या, मांसाला ‘खारवलेले’ म्हटलेले चालेल का?

मांसतंत्रज्ञ

पहिल्या प्रश्नात आपण ज्याला अडचण म्हणता आहात ती वस्तुतः सोय आहे. मांस चावायला कठीण जाण्याची कारणे दोन आणि एकमेकांपासून अगदी वेगळी आहेत, आणि इंग्रजी पाठ्यपुस्तकांना ती सांगताना ‘टफ’ला प्रत्येक वेळी विशेषण जोडावे लागते. पहिले कारण जनावराच्या वयाचे. स्नायूंच्या तंतूंभोवती कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे वेष्टन असते. वय वाढते तसे त्याच्या धाग्यांमधले जोड पक्के होत जातात आणि साध्या शिजवण्याने ते सुटत नाहीत. थोराड बोकडाचे किंवा जुन्या अंडी देणाऱ्या कोंबडीचे मांस असे असते, आणि आपल्याकडे त्याला ‘निबर’ म्हणतात. त्यावर उपाय म्हणजे भरपूर पाणी, मंद आच आणि वेळ, कारण ओल्या उष्णतेत कोलॅजनचे हळूहळू जिलेटिन होते.

दुसरे कारण वयाशी नव्हे, तर जनावर कापल्यानंतरच्या पहिल्या काही तासांशी जोडलेले आहे. रक्तप्रवाह थांबला की स्नायूंना प्राणवायू मिळत नाही. त्यांच्यात साठलेल्या ग्लायकोजेनचे लॅक्टिक आम्ल होऊ लागते आणि सामू (पीएच) सातच्या आसपासून साधारण साडेपाचपर्यंत उतरतो. स्नायू सैल सोडण्यासाठी लागणारी रासायनिक ऊर्जा संपते, तेव्हा त्यांतले तंतू एकमेकांत अडकून राहतात आणि धड ताठरते. हा ताठरपणा येण्याआधीच मांस फार थंड केले, तर स्नायू आक्रसून आखूड होतात आणि तसेच ताठरतात. असे मांस कोवळ्या बोकडाचे असले तरी दाताखाली रबरासारखे लागते. त्याला मी ‘चिवट’ म्हणेन, आणि पुस्तिकेत निबर व चिवट या शब्दांची कोठेही अदलाबदल होऊ देणार नाही.

हा प्रकार नीट उलगडला तो न्यूझीलंडमध्ये. गोठवलेले मांस घेऊन ‘ड्युनेडिन’ हे जहाज १८८२ मध्ये तेथून इंग्लंडला पोहोचले आणि त्या देशाचा मोठा व्यापार उभा राहिला. परंतु शीतकरण जसजसे वेगवान होत गेले तसतसे कोवळ्या कोकराचे मांसही चिवट निघू लागले. लॉकर आणि हॅगयार्ड या तेथील संशोधकांनी १९६३ मध्ये दाखवून दिले की, ताठरण्यापूर्वीचा गाईचा स्नायू शून्य अंशाजवळ सर्वांत जास्त आखडतो आणि १४ ते १९ अंश सेल्सियसच्या दरम्यान सर्वांत कमी. पुढे तेथे धडांना विजेचे झटके देण्याची पद्धत आली. त्याने ग्लायकोजेन झपाट्याने खर्ची पडते, ताठरपणा लवकर येऊन जातो आणि मग धड निर्धास्तपणे थंड करता येते. आपल्या बोकडाचे धड लहान आणि अंगावर चरबी बेताची, त्यामुळे ते चटकन थंड होते आणि हा धोका त्याला अधिक असतो. कापल्यावर तासाभरात ऊन मटण डीप फ्रीझरमध्ये टाकणाऱ्या प्रत्येकाला हे सांगायला हवे.

कोशप्रेमी

आपण वर्णिलेल्या प्रक्रियेला इंग्रजीत ‘कोल्ड शॉर्टनिंग’ म्हणतात, आणि त्याचे ‘शीत-संकोचन’ असे भाषांतर माझ्या वाचनात आले आहे. शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण पुस्तिकेत तो नको. ‘थंडीने हातपाय आखडले’ असे आपण नेहमीच म्हणतो, आणि येथेही स्नायूच थंडीने आखडतो. तेव्हा ‘थंडीने आखडणे’ हे नुसते सोपे नव्हे, तर अचूकही आहे. ‘वातड’ मात्र वगळावा. सादळलेल्या पापडापासून थंड झालेल्या भाकरीपर्यंत तो कशालाही लागतो आणि कारणाविषयी काहीच सांगत नाही.

एक शंका. ‘निबर’ हा शब्द भेंडी-गवारीलाही लागतो. मांसाला तो सर्वत्र लावतात का?

कोल्हापूरकर

आमच्याकडे लावतात, आणि त्याच अर्थाने लावतात. भेंडी काय आणि बोकड काय, वेळ उलटून गेलेली असते. उलट बाजूला ‘कोवळे’ असते. त्यामुळे कोवळे असूनही चिवट निघाले, हे वाक्य आमच्या गिऱ्हाइकाला ऐकताच समजेल, आणि दोष खाटकाच्या निवडीत नसून नंतरच्या हाताळणीत आहे हेही कळेल.

माझी खरी अडचण पुढच्या शब्दाची आहे. रविवारी सकाळी समोर कापून घेतलेले आणि दुपारी ताटात आलेले मटण, यालाच आम्ही ‘ताजे’ समजतो. शीतपेटीतले कालचे मटण पाहून गिऱ्हाईक नाक मुरडते आणि ‘शिळे’ म्हणते. या लोकांना ‘एजिंग’ कसे सांगणार?

मांसतंत्रज्ञ

आपण नेमक्या जागी बोट ठेवलेत. ताठरलेले मांस तसेच राहत नाही. स्नायूंतलीच कॅल्पेन ही विकरे (एन्झाइम) तंतूंची बांधणी जागोजागी तोडतात आणि मांस पुन्हा मऊ पडते. कोंबडीत हे काही तासांत उरकते, बोकड-मेंढीत त्याहून जास्त वेळ लागतो आणि गाईबैलांत कित्येक दिवस. हा काळ मांस चार अंशांच्या आसपास आणि स्वच्छ जागी असेल तर ते शिळे होत नसते, सुधारत असते. त्याच काळात ते रस्त्याकडेला आकड्यावर ३० अंशांत लटकत असेल, तर विकरांच्या कामापेक्षा जिवाणूंचे काम अधिक वेगाने होते. म्हणून आपल्या गिऱ्हाइकाचा संशय मूर्खपणाचा नाही. शीतसाखळी नसलेल्या काळात ‘आत्ताचे तेवढे खरे’ हा एकमेव सुरक्षित नियम होता, आणि ‘ताजे’ या शब्दात तो साठून राहिला आहे. परंतु आज त्या एका शब्दात दोन दावे मिसळले आहेत : नुकतेच कापलेले असणे आणि खाण्यास निर्धोक असणे. पुस्तिकेत हे दोन्ही स्वतंत्रपणे लिहिले गेले पाहिजेत.

आखडू नये म्हणून सावकाश थंड करा म्हणावे, तर जिवाणू वाढतात. वाढू नयेत म्हणून झटपट थंड करा म्हणावे, तर मांस चिवट होते. त्यामुळे साधारण नियम असा सांगितला जातो की पहिल्या दहा तासांत स्नायूचे तापमान दहा अंशांखाली जाऊ देऊ नये, आणि त्यानंतर मात्र ढिलाई करू नये. युरोपीय संघाच्या नियमांत धडाच्या आतले तापमान ७ अंशांवर आणि काळीज-वजडीसारख्या अवयवांचे ३ अंशांवर आणण्याची अट आहे. कोणत्याही शब्दापेक्षा हे आकडे जास्त उपयोगी पडतील.

पाटावरवंटा

‘एजिंग’साठी कोणीतरी ‘मुरवणे’ सुचवील, म्हणून आधीच विरोध नोंदवून ठेवते. लोणचे आपले आपण मुरते, तसे मांसही आपले आपण मुरते, हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे; पण मटण मुरवणे म्हणजे त्याला हळद, मीठ, आले-लसूण, दही लावून ठेवणे, हे महाराष्ट्रातले प्रत्येक स्वयंपाकघर जाणते. ही जागा रिकामी नाही. त्यापेक्षा ‘थंडाव्यात मऊ पडू देणे’ असे सरळ लिहावे. ‘मऊ पडणे’ ही आपलीच क्रिया आहे आणि तिच्यात वेळ जाण्याचा अर्थही आहे.

मुरवण्याबद्दलही एक गोष्ट पुस्तिकेत यावी. कच्च्या पपईतील पपेन आणि आल्यातील झिंजिबेन ही प्रथिने तोडणारी विकरे आहेत, त्यामुळे पपई लावली की मटण लवकर शिजते हा अनुभव खरा आहे. पण पपेनचा जोर फ्रिजमध्ये नव्हे, तर भांडे चुलीवर चढल्यावर, ६०-७० अंशांच्या आसपास दिसतो, आणि लावलेला गर आत फारसा शिरत नाही. त्यामुळे हात सैल सुटला की वरचा थर पिठूळ होतो आणि आतला तसाच राहतो. ‘पिठूळ’ला आपल्या इंग्रजी मजकुरात बहुधा ‘मीली’ असेल. तेथे दुसरा शब्द शोधू नये.

प्रयोगशाळेतून

तिसऱ्या प्रश्नाबद्दल मला आग्रहाने सांगायचे आहे, कारण येथे शब्द चुकला तर माणूस आजारी पडेल.

नासण्यासाठी आपल्याकडे शब्दांची ददात नाही, आणि गंमत अशी की त्यांतल्या बऱ्याच शब्दांना वेगवेगळे कारण नेमून देता येते. थंड पण उघड्या ठेवलेल्या मांसावर स्यूडोमोनास जातीचे जिवाणू वाढतात. त्यांची संख्या दर चौरस सेंटिमीटरला कोटीच्या घरात गेली की पृष्ठभाग ‘बुळबुळीत’ होतो. हवा काढून बंद केलेल्या पाकिटात त्यांना प्राणवायू मिळत नाही, तेथे लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू वरचढ ठरतात आणि मांसाला ‘आंबूस’ वास येतो. चरबीचा हवेशी संयोग झाला की मांस ‘खवट’ होते, जसे खोबरे होते. खवटपणाला जिवाणू लागतच नाहीत, म्हणून उणे १८ अंशांत जिवाणूंची वाढ पूर्ण थांबलेली असतानाही महिनोन्‌महिने पडून राहिलेला खिमा खवट होऊ शकतो. ‘फ्रीझरमध्ये आहे, काय होणार?’ या प्रश्नाचे उत्तर या एका शब्दात आहे.

पण हे सारे शब्द नाकाला, डोळ्यांना आणि बोटांना कळणाऱ्या गोष्टींचे आहेत. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर किंवा लिस्टेरिया या रोगकारक जिवाणूंनी ग्रासलेले मांस बुळबुळीत, आंबूस वा खवट असेलच असे नाही. ते दिसायला उत्तम असू शकते. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये पोलनी नावाच्या, न शिजवता कापून खाण्याच्या जाड सॉसेजमधून लिस्टेरियाची साथ पसरली. एक हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. पोलनी कारखान्यात शिजवलेलीच असते; पण शिजल्यानंतर यंत्रावरून, जमिनीवरून किंवा हातांवरून लिस्टेरिया पुन्हा लागला, तर तो फ्रिजच्या थंडीतही वाढत राहतो. अशा मांसाला ‘दूषित’ म्हणावे, आणि ‘खराब’ हा शब्द पुस्तिकेतून पूर्णपणे काढून टाकावा, कारण ‘खराब असेल तर वास येईलच’ ही समजूत त्याला चिकटलेली आहे.

कायद्याची भाषाही येथे मदतीला येते. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यात ‘कमी दर्जाचे’ अन्न आणि ‘असुरक्षित’ अन्न हे दोन वेगळे प्रकार आहेत. पहिल्याला ५१ व्या कलमाखाली दंड आहे, दुसऱ्याला ५९ व्या कलमाखाली कारावासही. चिवट, पिठूळ, खवट हे दर्जाचे शब्द. दूषित हा सुरक्षिततेचा. बातम्यांत सर्रास येणारा ‘भेसळयुक्त’ हा तिसराच, आणि जिवाणू कोणी भेसळ म्हणून घालत नसते.

मडगावकर

चौथ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येईल. खारा बांगडा हा खारवलेला आहे, गोव्यातील ‘चोरीस’ ही सॉसेज खारवलेली, व्हिनेगर-मिरचीत मुरवलेली आणि वाळवलेली आहेत. पण कारखान्यात तयार होणाऱ्या हॅमचा (डुकराच्या मांडीच्या मांसाचा) गुलाबी रंग मिठाने येत नाही, नायट्राइट या क्षारामुळे येतो. युरोपात पूर्वी त्यासाठी सोरा वापरत, आणि जिवाणू त्यातील नायट्रेटचे नायट्राइट करीत. नायट्राइटचे मुख्य काम रंगाचे नाही. ते अन्नात घातक विष तयार करणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमला रोखते. या जिवाणूच्या नावातच सॉसेज आहे, कारण लॅटिनमध्ये ‘बोट्युलस’ म्हणजे सॉसेज, आणि बेल्जियममधील हॅममुळे झालेल्या विषबाधेनंतर व्हॅन एर्मेंगेम यांनी १८९५ मध्ये तो वेगळा काढला. म्हणून नुसते ‘खारवलेले’ पुरेसे नाही. ‘नायट्राइट घालून खारवलेले’ असे लिहावे. ते लिहिण्याचे दुसरेही कारण आहे : नायट्राइटपासून नायट्रोसामाइन ही कर्करोगाला कारण ठरू शकणारी संयुगे तयार होऊ शकतात, ती कमी व्हावीत म्हणून सोबत ॲस्कॉर्बेट (क जीवनसत्त्वाचा क्षार) घालतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. पाकिटात काय आहे हे ग्राहकाला शब्दातून कळले पाहिजे.

कोशप्रेमी

सर्व मान्य, फक्त एक विनंती. पुस्तिकेच्या शेवटी सूची असेल तर तेथे ‘परिपक्वन’ आणि ‘शीत-संकोचन’ यांचीही नोंद असावी. यातून पुढे कोणी पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकायला गेले, तर त्याला तेथील शब्द अनोळखी वाटू नयेत.

अनुवादिका

सूचीत नोंद करते. सर्वांच्या सूचना घेऊन दुकानात लावायच्या फलकाचा मजकूर असा केला आहे, कृपया तपासावा. ‘आमच्याकडील मटण कापल्यानंतर टप्प्याटप्प्याने थंड केले जाते आणि थंडाव्यात मऊ पडू दिले जाते. ते ४ अंशांखाली ठेवलेले असल्यामुळे ताजे आणि सुरक्षित आहे. घरी नेल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवावे आणि पूर्ण शिजवूनच खावे.’

मांसतंत्रज्ञ

पहिले आणि तिसरे वाक्य ठेवावे. मात्र ‘पूर्ण शिजवून’ला आकडा जोडावा. अमेरिकेच्या कृषी विभागाचा निकष खिम्यासाठी ७१ अंश आणि कोंबडीसाठी ७४ अंश असा आहे, आणि तो तुकड्याच्या मध्यभागी मोजायचा असतो. खिम्याचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण अखंड तुकड्याच्या बाहेरच्या बाजूला असलेले जिवाणू यंत्रातून जाताना आत मिसळतात.

दुसऱ्या वाक्यात ‘ताजे’ पुन्हा शिरले आहे, आणि थंड ठेवल्याने दूषित मांस सुरक्षितही होत नाही, फक्त बहुतेक जिवाणूंची वाढ मंदावते. तेथे असे लिहावे : ‘हे मटण काल सकाळी कापलेले असून तेव्हापासून स्वच्छ जागी आणि ठरवून दिलेल्या तापमानात ठेवलेले आहे.’ ‘काल सकाळी’च्या जागी मात्र कापल्याची तारीख आणि वेळ यांसाठी रिकामी जागा सोडावी, म्हणजे दुकानदाराला ती रोज खडूने भरता येईल.