सभेला आलेल्या संस्थेला आपण काय विचारतो? (अनुभव धागा)

आमचा रोटरी क्लब तालुक्याच्या गावातला, सभासद बेचाळीस. दर मंगळवारी संध्याकाळी साडेसातला घंटा वाजते. राष्ट्रगीत, फोर वे टेस्ट (रोटरीची चार प्रश्नांची आचार-कसोटी), वाढदिवसांच्या शुभेच्छा, सचिवांच्या सूचना, मग पाहुण्यांचं भाषण, आभार आणि जेवण. मी अध्यक्ष होते त्या वर्षी महिन्यातली एक सभा आम्ही आसपासच्या सेवाभावी संस्थांसाठी राखून ठेवली. पहिल्या सभेला वृद्धाश्रम चालवणाऱ्या एक ताई आल्या. त्यांना पन्नास ब्लँकेटं द्यायची हे आमचं आधीच ठरलं होतं, गठ्ठे शेजारच्या खोलीत बांधून तयार होते. त्यांचं बोलणं संपल्यावर एका सभासदाने विचारलं, "ताई, रात्री सगळ्यात जास्त अडचण कशाची होते?"

"उजेडाची," त्या म्हणाल्या. "वीज जाते, आजी-आजोबा अंधारात बाथरूमला उठतात आणि पडतात. यंदा दोघांचं खुब्याचं हाड मोडलं." ब्लँकेटं त्यांच्याकडे तीन कपाटं भरून होती. दर हिवाळ्यात कोणी ना कोणी आणून देतंच.

गठ्ठे त्या दिवशी उघडलेच नाहीत. आमच्यातला एक जण इलेक्ट्रिकच्या सामानाचा व्यापारी, एक बांधकाम ठेकेदार. पंधरा दिवसांत इन्व्हर्टर बसला, बाथरूमपर्यंतच्या बोळात खाली पायाशी दिवे लागले, भिंतीला धरायचे दांडे आले. खर्च ब्लँकेटांच्या आसपासच झाला. पण तो प्रश्न कोणी विचारलाच नसता तर?

म्हणून हा धागा. रोटरी, लायन्स, जायंट्स, इनर व्हील, कुठलाही क्लब असो. तुम्ही टेबलाच्या या बाजूला बसला असाल किंवा संस्थेकडून त्या बाजूला उभे राहिला असाल, खरंच काय घडलं ते लिहा. क्लबचं किंवा माणसाचं नाव नको.

विशेष मुलांची शाळा, सातारा जिल्हा

मी त्या बाजूला उभी राहिलेली आहे. 2022 साली एका क्लबने सभेला बोलावलं. आमच्याकडे तेव्हा चौतीस मुलं, त्यातल्या नऊ जणांना सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींवर ताबा नसणं. मी फिजिओथेरपिस्टच्या पगारासाठी मदत मागितली. क्लबने दोन व्हीलचेअर दिल्या. देणाऱ्यांच्या मनात काही खोट नव्हती. पण त्या मोठ्या माणसांच्या मापाच्या होत्या, मुलं त्यात एका बाजूला कलंडायची. रोज व्यायाम मिळाला असता तर त्यातली दोन-तीन मुलं आधाराने उभी राहण्यासारखी होती. हे मी सभेत सांगितलंही होतं. पगाराला पैसे देत नाही, वस्तू देतो, असं उत्तर मिळालं.

त्याच सभेतला दुसरा अनुभवही लिहायलाच हवा. जेवताना शेजारी बसलेल्या चार्टर्ड अकाउंटंट दादांनी विचारलं, "ताई, तुमचं बारा-ए आणि ऐंशी-जीचं नूतनीकरण झालं का?" बारा-ए म्हणजे संस्थेला आयकरातून सूट, ऐंशी-जी म्हणजे देणगीदाराला करसवलत. मला वाटत होतं, ही नोंदणी एकदा मिळाली की कायमची. नियम बदलले, जुन्या संस्थांनाही पुन्हा अर्ज करून, तेव्हाच्या नियमाप्रमाणे पाच वर्षांसाठी, नोंदणी घ्यावी लागत होती, हे मला त्या ताटावर कळलं. देणगीदारांचा तपशील 31 मेपर्यंत दहा-बीडी फॉर्ममध्ये भरायचा आणि उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये, हेही. पुढचे तीन शनिवार ते दादा शाळेत येऊन बसले. फी घेतली नाही. आमचे मोठे देणगीदार ऐंशी-जी पावती नसती तर हळूहळू गळाले असते. त्या क्लबने आम्हाला दिलेली सगळ्यात मोठी देणगी मी हीच मानते, आणि तिचा फोटो कुठेच नाही.

निवृत्त आरोग्यसेविका, सोलापूर

1995 मध्ये पल्स पोलिओ सुरू झाला तेव्हापासून मी बूथवर. रोटरीची माणसं टोप्या, फलक घेऊन यायची, आम्हाला चहा-नाश्ता आणायची, लस-डब्यातला बर्फ संपला की स्वतःच्या स्कूटरवरून घेऊन यायची. पण खरं काम दुसऱ्या दिवसापासून. डोस झालेल्या मुलाच्या करंगळीला शाई लावायचो, घराच्या भिंतीवर खडूने 'पी' लिहायचो. मूल बाहेर असेल किंवा घरच्यांनी नकार दिला तर 'एक्स'. ह्या एक्स घरांना पुन्हा पुन्हा जावं लागायचं.

आमच्या भागात एक किराणा दुकानदार होते, क्लबचे सभासद. नकार देणाऱ्या बऱ्याच घरांची उधारीची वही त्यांच्याकडे. ते माझ्याबरोबर यायचे, उंबऱ्याबाहेर बसायचे, आधी पोराची चौकशी, मग लसीचा विषय. दारं उघडायची. 13 जानेवारी 2011 ला हावड्यात सापडलेली मुलगी देशातली शेवटची रुग्ण ठरली आणि 27 मार्च 2014 ला भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. त्या दिवशी मी सगळ्यात आधी ह्या दुकानदारांना फोन केला. आम्ही दोघंही रडलो.

माजी खजिनदार, दक्षिण महाराष्ट्र

आमचा अनुभव डायलिसिस मशीनचा. क्लबला ग्लोबल ग्रँट, म्हणजे रोटरी फाउंडेशनच्या आंतरराष्ट्रीय अनुदानातून प्रकल्प, करायची होती. त्यासाठी प्रकल्प किमान 30,000 डॉलरचा लागतो, दुसऱ्या देशातला एक क्लब जोडीला लागतो, आणि लोकांची गरज काय आहे याची पाहणी आधी करावी लागते. पाहणीला मी आणि दोघे जण एका धर्मादाय रुग्णालयात गेलो. मनात पाच मशीनचा आकडा पक्का होता. तिथल्या तंत्रज्ञ मुलाने आम्हाला थेट मागच्या खोलीत नेलं. पूर्वी कोणीतरी दिलेली दोन मशीन प्लास्टिकखाली झाकून ठेवलेली.

"ही बंद का?"

"सर, पाणी नाही."

डायलिसिसमध्ये मिनिटाला साधारण अर्धा लिटर द्रव फिरतो. चार तासांच्या एका बैठकीला 120 लिटर. ते पाणी आरओ प्रक्रियेतून गेलेलंच लागतं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन रक्तापर्यंत पोहोचलं तर रुग्णाच्या जिवावर बेततं. रुग्णालयाचं जुनं आरओ यंत्र चालू मशीनपुरतंच होतं. आम्ही आणखी पाच आणली असती तर आणखी पाच प्लास्टिकखाली गेली असती.

बोर्ड मीटिंगमध्ये दोन तास वाद झाला. आरओ प्लांटला कोनशिला कुठे लावणार, असं एकाने विचारलं. मला वाईट वाटलं, पण त्यांनी मनातलं बोलून दाखवलं हे बरंच झालं. शेवटी तीन मशीन, मोठा आरओ प्लांट, पाच वर्षांचा देखभाल करार आणि आणखी दोन तंत्रज्ञांचं प्रशिक्षण असा प्रकल्प झाला. बंद पडलेली दोन्ही मशीन दुरुस्त होऊन लागली, म्हणजे हाती पाचच आली. तो मुलगा आता तिथल्या विभागाचा प्रमुख आहे. कुठल्याही संस्थेत गेलं की विश्वस्तांशी बोलून झाल्यावर तिथल्या सगळ्यात धाकट्या कर्मचाऱ्याला पाच मिनिटं भेटायचं, हे मी तेव्हापासून सोडलेलं नाही.

कोकण, लायन्स

थोडक्यात लिहितो. हेलन केलर यांनी 1925 मध्ये अमेरिकेत लायन्सच्या अधिवेशनात अंधत्वाविरुद्ध उभं राहण्याचं आवाहन केलं, तेव्हापासून डोळ्यांचं काम आमच्या घरचंच. मोतीबिंदूची शिबिरं आम्ही वर्षानुवर्षं घेतली. ऑपरेशनं किती झाली ते मोजायचो, तपासणीला परत किती जण आले ते मोजत नव्हतो. ज्या नेत्ररुग्णालयाबरोबर काम करतो तिथल्या बाईंनी यादी पुढे ठेवली. वाड्या-वस्त्यांवरची म्हातारी माणसं एसटीने चाळीस किलोमीटर दुसऱ्यांदा येत नाहीत. आता एक शिबिर कमी घेतो आणि त्या पैशात तपासणीसाठी गाडी पाठवतो.

तरुण कार्यकर्ती, मोठं शहर

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी आम्ही काम करतो. सभेला बोलावलं होतं सात वाजता, माझी पाळी आली पावणेनऊला, वेळ मिळाला सात मिनिटं. शाल, श्रीफळ, रोपटं मिळालं. प्रश्न एकही नाही, कारण जेवण लागलं होतं. तरीही अध्यक्षांनी मनापासून शब्द दिला की हंगामी वसतिगृहाचा धान्यखर्च क्लब उचलेल. ही गोष्ट मे महिन्यातली. 30 जूनला त्यांचं वर्ष संपलं. नवीन अध्यक्षांचा विषय वृक्षारोपण होता. आमचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. तोवर तो शब्द कुणाचाच राहिला नव्हता. त्या भरवशावर मी अठ्ठावीस पालकांना सांगून बसले होते की मुलांना गावातच ठेवा. एकेकाला फोन करून नाही म्हणावं लागलं. त्यातली अकरा मुलं आईबापांबरोबर फडावर गेली.

न्यू जर्सीहून

आमच्या इथल्या क्लबची सभा सकाळी नाश्त्याला असते. माझ्या गावच्या शाळेबद्दल मी तिथे बोललो, आणि ज्यांनी महाराष्ट्र नकाशावरही पाहिला नव्हता अशा लोकांनी पैसे काढून दिले. पण शाळेची एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) खाली नोंदणी नव्हती, त्यामुळे परदेशी देणगी तिला घेताच येत नव्हती. 2020 च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेमार्फत वळवणंही बंद झालं. परदेशातल्या मराठी माणसांना कळकळीने सांगतो, मन भरून आलं तरी पैसे गोळा करण्याआधी हे एवढं विचारून घ्या. गोळा केलेली रक्कम परत करताना मला फार जड गेलं.

धागा सुरू करणारी

कार्यकर्ती ताई, तुमचा अनुभव वाचून रात्रभर झोप आली नाही, कारण जूनमध्ये असा शब्द मीही दिला होता. नशिबाने पुढच्या अध्यक्षांनी तो पाळला, पण ते नशीबच. आमच्या क्लबने आता असं ठरवलंय की संस्थेच्या सभेला पुढच्या वर्षीचा आणि त्यापुढच्या वर्षीचा अध्यक्ष हजर पाहिजे, आणि दिलेला शब्द इतिवृत्तात तिघांच्या सह्यांनी लिहायचा. आणखी एक, संस्थेचं बोलणं जेवणाआधी नाही, घंटेनंतर लगेच. वाढदिवस नंतर.

तुमची वसतिगृहं कुठल्या तालुक्यात आहेत ते मला व्यक्तिगत निरोपात कळवा. धान्याचा भाव आणि मुलांची संख्याही.

विशेष मुलांची शाळा, सातारा जिल्हा

एक सांगायचं राहिलं. व्हीलचेअर देणाऱ्या त्याच क्लबने गेल्या वर्षी पुन्हा बोलावलं. अध्यक्ष नवीन होते. मी आत गेले तर म्हणाले, "ताई, बसा. मागच्या वेळी तुम्ही काय मागितलं होतं, ते आधी सांगा." फिजिओथेरपिस्ट जूनपासून येतात, आठवड्यातून चार दिवस. तीन वर्षांचा पगार लेखी आहे. त्या नऊ मुलांमधली एक मुलगी खिडकीचे गज धरून उभी राहते, बाहेरचा रस्ता बघते.