आश्रय मागणाऱ्याची फाईल विद्यार्थ्याच्या हातात द्यावी का?

जुनी_फाईल (धागाकर्ती)

आमच्या लॉ कॉलेजातल्या चौथ्या वर्षाच्या दोन मुलींनी जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या उन्हाळी कोर्सला अर्ज केलाय. विषय आहे स्थलांतराचा कायदा आणि विद्यापीठांची लीगल क्लिनिक्स, म्हणजे देखरेखीखाली विद्यार्थी लोकांना फुकट कायद्याचा सल्ला देतात ती केंद्रं. देशोदेशीचे विद्यार्थी, आधी ऑनलाइन व्याख्यानं, मग दोन आठवडे तिकडे मुक्काम आणि शेवटचे चार दिवस 'क्लिनिकमध्ये प्रत्यक्ष सहभाग'. शिफारसपत्र मी लिहायचंय. मुली हुशार आहेत, लिहीनही. पण त्या शेवटच्या चार दिवसांवर माझं घोडं अडलंय.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: जर्मनीत वकील नसलेल्याने दुसऱ्याला नियमितपणे कायद्याचा सल्ला देणं, फुकटसुद्धा, कित्येक दशकं बेकायदा होतं. तो कायदा १९३५चा, नाझी काळातला. वकिलीतून हाकललेल्या ज्यूंना सल्लागार म्हणूनही पोट भरता येऊ नये, हा त्यामागचा एक हेतू. राजवट गेली, कायदा राहिला. जुलै २००८मध्ये त्याच्या जागी नवा आला आणि विनामूल्य सल्ल्याला वाट मिळाली. अट अशी की पूर्ण पात्रता असलेल्या विधिज्ञाच्या मार्गदर्शनाखाली काम चालावं. गीसन विद्यापीठाचं निर्वासितांसाठीचं क्लिनिक त्याच्या वर्षभर आधीच, २००७मध्ये, उभं राहिलं होतं. छळामुळे देश सोडून हेसन राज्यात आश्रय मागायला येणाऱ्यांना आधी ज्या केंद्रात ठेवतात, ते गीसनमध्येच आहे, त्यामुळे माणसं दाराशीच होती. २०१५नंतर तर शहरोशहरी अशी क्लिनिक्स निघाली.

माझं मत: वर्षभर शिकून त्याच गावात राहणाऱ्या विद्यार्थ्याला फाईल द्यावी, चार दिवसांच्या पाहुण्याला देऊ नये. आश्रयाचं प्रकरण बहुतेक वेळा एका मुलाखतीवर उभं राहतं किंवा पडतं. छळ कुठे झाला, कधी, कोणी केला, हे माणूस तिथे जसं सांगेल तसंच पुढे कोर्टात त्याच्यासमोर ठेवलं जातं. तारीख हलली की 'विश्वासार्ह नाही'. त्या मुलाखतीची तयारी हे क्लिनिकचं खरं काम आणि त्याला वेळ लागतो. वकिलाकडे तो नसतो, विद्यार्थ्याकडे असतो. पाहुण्याकडे कुठून येणार? त्याच्या अनुभवापायी त्या माणसाने आपली कहाणी आणखी एका अनोळखी चेहऱ्यापुढे उगाळायची.

विरोधी मतं येऊ द्या.

नागपूरचा_वकील

मॅडम, चार दिवसांचा नको हे बरोबर. पण वर्षभरवाला तरी का हवा?

माझ्या हातून अशिलाचं नुकसान झालं तर तो बार कौन्सिलकडे तक्रार करू शकतो. अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम ३५खाली माझी सनद जाऊ शकते. विद्यार्थ्याचं काय जातं? फार तर सबमिशनचे मार्क. आणि गुप्ततेचं काय? अशिलाने मला सांगितलेलं मी कोर्टात सांगू शकत नाही. जुन्या पुरावा कायद्यात ते संरक्षण होतं, २०२३च्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. ते वकिलाला आहे, त्याच्या कारकुनाला आणि दुभाष्यालाही आहे. कॉलेजच्या पोरापर्यंत ते पोचतं का, यावर मी तरी पैज लावणार नाही.

आता कोणीतरी म्हणेल, मेडिकलचे इंटर्न नाही का पेशंट बघत. बघतात, पण एमबीबीएसची शेवटची परीक्षा पास होऊन आणि तात्पुरती नोंदणी घेऊन. पाचपैकी चौथ्या वर्षाला नव्हे.

ज्याला मतदानाचा हक्क नाही, पैसा नाही, भाषा नाही, त्याच्यावर पोरांनी सराव करायचा आणि याला समाजसेवा म्हणायचं! पैसेवाल्याच्या टॅक्सच्या केसेस का नाही देत कोणी क्लिनिकला?

गीसन_ते_मिरज

वकीलसाहेब, टॅक्सवाला टोमणा झकास. पण तुमच्या डोक्यात कोर्टातला युक्तिवाद आहे. तिथे कुणी विद्यार्थी कोर्टात उभा राहत नाही हो. मी एलएलएम करताना तिथल्या एका क्लिनिकमध्ये बसायचो, म्हणून काम काय असतं ते सांगतो.

निर्णयाचं पत्र पिवळ्या पाकिटात येतं. टपालवाला पाकिटावर हाताने तारीख लिहितो आणि मुदत त्या तारखेपासून धावते. माणसं पत्र जपून ठेवतात आणि पाकीट फेकतात. आजवरच्या जर्मन नियमात नकाराविरुद्ध कोर्टात जायला दोन आठवडे, आणि अर्ज 'उघडच निराधार' ठरवला असेल तर एकच आठवडा. त्यातून माणूस स्वागत केंद्रात राहत असेल तर आणखी गंमत. पत्र केंद्राच्या हवाली झालं की तिसऱ्या दिवशी ते तुम्हाला मिळालं असं कायदा धरून चालतो, तुम्ही खिडकीवर जाऊन ते घेतलं असो वा नसो. म्हणजे आठवड्यातले दोन-तीन दिवस माणसाला पत्ता लागायच्या आतच खर्ची पडू शकतात. एखाद्या पोरीने संध्याकाळी केंद्रात जाऊन "पाकीट दाखवा" म्हटलं आणि रात्री वकिलाला फोन लावला, तर तिने केस वाचवली. त्यासाठी सनद लागत नाही, तारखा मोजता याव्या लागतात.

तुमचा पर्याय काय? चांगला वकील? तो मिळत असता तर क्लिनिकपुढे रांग कशाला लागली असती? विद्यार्थी की वकील अशी निवड त्या माणसापुढे नसतेच. विद्यार्थी की सोबतच्या खोलीतला ऐकीव सल्ला देणारा, एवढीच असते.

जुनी_फाईल, तुमच्या मुद्द्याकडे नंतर येतो, ड्युटी आहे.

तिसरं_वर्ष_एलएलबी

आकडे हवेत तर घ्या. अमेरिकेतल्या आश्रयाच्या निकालांवर २००७मध्ये एक मोठा अभ्यास आला होता. इमिग्रेशन कोर्टात प्रतिनिधी नसलेल्यांपैकी १६.३ टक्क्यांना आश्रय मिळाला, असलेल्यांपैकी ४५.६ टक्क्यांना. तिथे सरकार वकील देत नाही, आणि देखरेखीखाली कायद्याचा विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून उभा राहू शकतो असं नियमातच आहे. त्याच अभ्यासात जॉर्जटाउन विद्यापीठाच्या क्लिनिकचं यश ८९ टक्के होतं. सनदवाल्यांच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट!

आणि जानेवारी २०१७मध्ये ट्रम्प यांच्या प्रवासबंदीनंतर विमानतळावर अडकलेल्या इराकी दुभाष्यासाठी रातोरात अर्ज तयार झाला, त्यात येल विद्यापीठाच्या क्लिनिकचे विद्यार्थी होते. ब्रुकलिनच्या न्यायाधीशांनी त्याच संध्याकाळी अडकलेल्यांना परत पाठवण्याला स्थगिती दिली.

नागपूरचा_वकील

बाळा, त्या अभ्यासाचे लेखक कोण, तेही सांग की. त्यातले दोघे जॉर्जटाउनच्या त्याच क्लिनिकचे प्राध्यापक. खोटं लिहिलंय असं मी म्हणत नाही. पण क्लिनिक वर्षाला मोजक्या केसेस घेतं, निवडून घेतं. मीही वर्षाला दहाच केसेस निवडून घेतल्या तर माझंही यश ८९ टक्के होईल. १६ आणि ४५मधल्या फरकालाही तेच लागू. ज्याची केस दमदार, त्याला वकील मिळतो.

येलच्या पोरांबरोबर त्या रात्री किती मुरलेले वकील बसले होते, तेही बघ.

मांडवीकर

तुमचं जर्मनी-अमेरिका चालू द्या. आमच्याकडे गोव्यात स्थलांतराचा कायदा घरात शिरलाय, आणि सल्ला द्यायला बसलेत एजंट.

१९ डिसेंबर १९६१च्या, म्हणजे पोर्तुगीज राजवट संपण्याच्या, आधी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनमध्ये जन्मनोंदणी करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येतं. त्या जोरावर अर्धं गाव इंग्लंडमधल्या स्विंडनला गेलं. आपल्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार परक्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारताचं आपोआप संपतं. मग नुसती नोंदणी केली, पासपोर्ट काढलाच नाही, तर काय? मतदान केलं तर? ओसीआयसाठी, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांच्या कार्डासाठी, कुठला कागद? लोक हजारो रुपये मोजून एजंटला विचारतात, आणि तो छातीठोकपणे काहीही सांगतो. त्याला ना सनद, ना मार्क, वकीलसाहेब. मिरामारच्या साळगावकर लॉ कॉलेजच्या मुलांची गावोगावची लीगल एड सेल मी पाहिली आहेत. हा प्रश्न तिथे नीट हाताळला गेला तर मला सनद बघायची गरज वाटणार नाही.

म्हणून माझा विरोध वेगळा आहे. पोरींनी डब्लिन नियम (आश्रयाचा अर्ज युरोपातल्या कुठल्या देशाने तपासायचा, ते ठरवणारे) शिकायला गीसनला का जावं?

प्रश्नचिन्ह

जर्मनीला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी आता ९० युरो. स्थलांतराच्या कायद्याच्या कोर्सला निघालेल्या पोरीचा व्हिसा 'परत येण्याचा हेतू पटला नाही' म्हणून नाकारला, तर ते प्रात्यक्षिक धरून मार्क द्यावेत.

तिसरं_वर्ष_एलएलबी

@मांडवीकर, भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सहीच केलेली नाही, मग इथे शिकायला आहे काय? १९४६चा परकीय नागरिक कायदा होता, आता त्याच्या जागी २०२५चा आलाय. निर्वासित कोण, याची व्याख्या दोन्हींत नाही.

जुनी_फाईल

शिकायला आहे काय? आसाम आहे की. ऑगस्ट २०१९च्या नागरिक नोंदणीच्या (एनआरसी) अंतिम यादीतून १९ लाखांवर माणसं बाहेर राहिली. परकीय नागरिक न्यायाधिकरणापुढे आपण परके नाही हे त्या माणसानेच सिद्ध करायचं असतं. आजोबांच्या नावातलं एक अक्षर मतदारयादीत वेगळं पडलं की संपलं. कागदांचे गठ्ठे वाचणं, तारखा लावणं, नावं जुळवणं, हे तेच गीसनचं काम. 'परिचय' या नावाने आपल्या कायदा विद्यापीठांतल्या मुलांनी आणि वकिलांनी ते एकत्र हाती घेतलेलं आहे. वकीलसाहेब, १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात विद्यापीठांच्या क्लिनिकल शिक्षणाची तरतूद संसदेनेच करून ठेवली आहे. त्यामुळे आक्षेप देखरेखीवर घ्या, मुलांच्या असण्यावर नको.

मांडवीकर, पोर्तुगालचा प्रश्न आमच्या अभ्यासक्रमात येत नाही याची मलाही चीड आहे. पण गीसनला जाऊ नका हे त्यावरचं उत्तर नव्हे.

गीसन_ते_मिरज

आलो. चार दिवसांच्या पाहुण्याबद्दल मी तुमच्याशी अर्धाच सहमत आहे.

माणसापुढे बसवू नये, मान्य. पण फाईल म्हणजे फक्त मुलाखत नव्हे. पाकिस्तानातून येणारे अहमदी घ्या, ज्यांना तिथला कायदा मुस्लिम मानत नाही. 'घरात गुपचूप प्रार्थना करा, म्हणजे त्रास होणार नाही' असं त्यांना सांगून अर्ज फेटाळता येत नाही, हे युरोपीय न्यायालयाने ५ सप्टेंबर २०१२ला सांगितलं. तो खटला जर्मनीतूनच गेला होता. अशा फाईलमध्ये एफआयआरच्या प्रती असतात, उर्दूत, हाताने लिहिलेल्या. आमच्या क्लिनिकमध्ये त्या वाचणारं कुणी नव्हतं. मालेगावची उर्दू माध्यमात शिकलेली मुलगी तिथे चार दिवसांत जे करेल, ते जर्मन विद्यार्थ्याला चार वर्षांत जमणार नाही. नावं झाकलेली प्रत द्या, भाषांतर करून घ्या, वकिलाने तपासावं.

फक्त दुभाषी म्हणून समोरासमोर बसवू नका. लाहोरहून पळालेल्या माणसाला समोर भारतीय मुलगी दिसली की तो काय बोलेल आणि काय गिळेल, याचा भरवसा नाही. हे मी पाहिलंय.

जुनी_फाईल

हे कामाचं. दोघींपैकी एकीला उर्दू वाचता येतं. शिफारसपत्रात लिहिते: नावं झाकलेल्या कागदांवर काम, मुलाखतीला उपस्थिती नाही. कोर्सवाल्यांनी हे लेखी मान्य केलं तरच पत्र पुढे जाईल.

नागपूरचा_वकील

भाषांतर चुकलं तर सही कोणाची, तेही लेखी घ्या.