प्रतिसाद: डॉक्सी पिंपल्सचीच गोळी नाही

ताई, तुम्ही विचारलं की पिंपल्सची गोळी नवऱ्याला तापात काहून दिली. अहो, डॉक्सीसायक्लिन (डॉक्सी) टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिक घराण्यातली, पिंपल्सवर चालते तशीच स्क्रब टायफस नावाच्या तापावर पहिली पसंती तिचीच. 2018 च्या पावसाळ्यात नागपुरात याची साथ आली होती, आठवत असेल. गवतातल्या माइट नावाच्या किड्याची बारीक पिल्लं चावतात, त्यातून हा ताप येतो, अन् बऱ्याचदा तिथे सिगारेटचा चटका दिल्यासारखा काळा डाग पडतो. आमच्या काकांना काखेत होता, कोणी पाहिलाच नाही, आठवडाभर व्हायरल समजून पॅरासिटामॉल चालू, डॉक्सी दिली अन् दोन दिवसांत ताप उतरला.

पण साधी समजू नका बरं. मी मागे रात्री घोटभर पाण्यासोबत घेतली अन् लगेच आडवा झालो, पहाटे छातीत असं जळलं की अटॅकच वाटला, तीन दिवस वरणभातही गिळवेना. गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करते. म्हणून गिलासभर पाणी अन् नंतर निदान अर्धा तास बसायचं. दूध, अॅसिडिटीच्या अन् लोहाच्या गोळ्या सोबत नकोत, औषध अंगी लागत नाही. कातडी उन्हात लवकर भाजते, आपलं ऑक्टोबरचं ऊन माहीतच आहे, दुपट्टा बांधायला सांगा.

गरोदर बाईला अन् आठ वर्षांखालच्या पोरांना शक्यतो टाळतात, पोरांचे अन् पोटातल्या बाळाचे दात पिवळे पडतात म्हणून. पण स्क्रब टायफस असला तर लहान पोरांनाही डॉक्टर देतात, थोड्या दिवसांच्या डॉक्सीनं दात डागळत नाहीत असं आता मानतात, बदनामी जुन्या टेट्रासायक्लिनची. अन् डब्यातली मागच्या वर्षीची उरलेली पट्टी वापरू नका, एक्सपायर झालेल्या टेट्रासायक्लिननं किडनी बिघडल्याच्या जुन्या केसेस आहेत.