मदत हवी आहे: पत्त्यांच्या खेळाची सगळी एक्स्पान्शन्स एका पेटीत कशी बसवायची?

गुलामचोर
मंडळी, पटकन सांगा. मूळ खेळाची पेटी आणि वर घेतलेली एक्स्पान्शन्स (त्याच खेळाच्या नव्या पानांच्या जोडपेट्या) मिळून कपाटाचं दार लागेनासं झालंय. प्रत्येक पेटी उघडावी तर निम्मी रिकामी. मित्र रविवारी खेळायला येतात आणि दहा ढीग शोधून मांडेपर्यंत निम्मे चहाला उठलेले असतात. सगळं एका पेटीत हवंय. कुठली पेटी घेऊ? कोल्हापुरात मिळणारीच सांगा. ऑनलाइन लाकडी इन्सर्ट (पेटीत बसणारे तयार खण) बघितलेत, किंमत परवडत नाही.

बदामसात
खेळ कुठला? पानं किती? स्लीव्ह, म्हणजे एकेका पानाची प्लॅस्टिकची पाकिटं, घातल्यात का?

गुलामचोर
पुष्कळ पानं आहेत. फक्त पेटीचं सांगा.

बदामसात
भावा, मापाशिवाय पेटी कशी सांगू? मॅजिक, पोकेमॉनचं पान ६३ बाय ८८ मिमी. यु-गि-ओचं ५९ बाय ८६. एकाच्या मापाची पेटी दुसऱ्याला लागत नाही.

एक्का
लक्ष्मीपुरीत छपाईवाल्यांकडे व्हिजिटिंग कार्डचे प्लॅस्टिकचे डबे मिळतात, ते शंभरभर घ्या. एका डब्यात एक ढीग, वर चिठ्ठी. मी सगळं त्यातच ठेवतो.

बदामसात
तुम्ही काय ठेवता त्यात? व्हिजिटिंग कार्ड साडेतीन बाय दोन इंच, म्हणजे रुंदी ५१ मिमी. वर दिलेलं कुठलंच पान त्यात जाणार नाही.

एक्का
मी मुलांचे छोटे पत्ते ठेवतो. छान बसतात.

गुलामचोर
डॉमिनियन आहे, पानं विकत घेत आपला गठ्ठा वाढवायचा खेळ; दर डावाला दहा प्रकारच्या पानांचे ढीग निवडून मांडायचे. मूळ पेटी, आणि सीसाइड व प्रॉस्पेरिटी ही दोन एक्स्पान्शन्स. स्लीव्ह नाहीत. ढिगांना रबरबँड लावलेत.

उद्यमनगर_फिटर
पेटी माझ्याकडून ऐका. उद्यमनगरात कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडं जावा, २० गेजचा पत्रा वाकवून आत खण पाडून देतो. वरनं पावडर कोटिंग. जन्मभर काय होत नाही. आमच्या मंडळाचे पत्ते अन् कॅरमच्या सोंगट्या तसल्याच पेटीत हायत.

शाहूपुरीची_सून
दादा, पेटी टिकेल, पण उचलायची कुणी? आणि पावसाळ्यात थंड पत्र्याला आतून घाम येतो, तो सगळा कागद पिणार. गुलामचोर, ते रबरबँड आधी काढा बघू. कडेला खाच पडते, आणि पिसताना तेवढं पान बरोबर ओळखू येतं. उन्हाळ्यात रबर वितळून चिकटलं तर पानावरची छपाई घेऊनच निघतं. गठ्ठ्याला दोन इंचाची कागदाची पट्टी गुंडाळा, टोकं एकमेकांवर चिकटवा, पानाला डिंक लागू देऊ नका.

ग्रंथपाल_निवृत्त
मी ग्रंथालयात आयुष्य काढलं, म्हणून सांगतो. जुन्या सूचिपत्राचे लाकडी खण शोधा. संगणक आल्यापासून कित्येक वाचनालयांनी ते काढून टाकले. सूचिपत्राचं कार्ड साडेसात बाय साडेबारा सेंटीमीटर असतं. आपलं करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. अशा जुन्या संस्थांमध्ये ज्यांनी ते खण चाळले त्यांना ठाऊक आहे, हजार कार्डांतून हवं ते हाताला कसं लागतं. मध्ये कान असलेली मार्गदर्शक कार्डं घातली की झालं.

बदामसात
काका, कल्पना आवडली. पण डॉमिनियनचं पान साधारण ५९ बाय ९१. उभं ठेवलं तर साडेसातच्या खणाबाहेर डोकं काढणार.

ग्रंथपाल_निवृत्त
उभं कशाला? लांब कडेवर आडवं ठेवा. उंची ५९ होते.

बदामसात
अरे हो की! मग खणही नको आणि पत्राही नको. गुलामचोर, तुमच्या मूळ पेटीतलं प्लॅस्टिकचं खाचेचं तबक काढून टाका आणि रिकाम्या खोक्याची आतली रुंदी मोजा. २८ सेमीच्या वर भरली तर आडव्या पानांच्या तीन रांगा बसतात. मूळ ५०० पानं, सीसाइड ३००, प्रॉस्पेरिटी ३००. एक पान साधारण ०.३ मिमी धरा, ११०० पानांचे ३३ सेमी होतात. तीन रांगा मिळून जागा ८० सेमीच्या वर. खुणेची पुठ्ठ्याची पानं घालूनही उरते.

एक्का
स्लीव्ह घातल्याशिवाय पेटीत ठेवू नका. खराब होतील.

बदामसात
पातळ स्लीव्हनं गठ्ठा तिसऱ्या हिश्श्यानं वाढतो, जाड घेतली तर दीडपटीच्या वर. मी तर म्हणतो, फक्त सारखी पिसली जाणारी तांबं आणि इस्टेट, म्हणजे सुरुवातीला हातात येणारी पानं, तेवढ्यांना घाला.

शाहूपुरीची_सून
तसं अजिबात करू नका! डॉमिनियनमध्ये विकत घेतलेलं पान तांब्यातच पिसलं जातं. निम्म्यांना स्लीव्ह असेल तर पाठीवरनंच कळतं पुढं काय येणार. घालायच्या तर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही. आणि घेताना पॉलिप्रोपिलीनच्या घ्या. पीव्हीसीच्या कालांतराने चिकट होतात.

सावंतवाडीकर
विषय निघालाच आहे तर, आमच्याकडची दशावतारी गंजिफा बघून या. दहा रंग, प्रत्येकी बारा, अशी १२० गोल पानं, आणि ठेवायला तितकीच देखणी रंगवलेली लाकडी पेटी. पानं गोल, म्हणजे कोपरा मुडपायची भानगडच नाही. कोल्हापूरहून आंबोली घाट उतरलं की सावंतवाडी.

गुलामचोर
गंजिफा बघेन, पण आधी हे आवरू दे. मधल्या भिंती कशाच्या करू? आणि ढीग नावाप्रमाणे लावू की पेटीप्रमाणे?

उद्यमनगर_फिटर
सनबोर्ड घ्या तीन मिमीचा. कटर अन् स्टीलची पट्टी. फेव्हिकॉलनं चिकटवू नका, सनबोर्ड पीव्हीसीचा, त्याला धरत नाही. ग्लू गन वापरा.

शाहूपुरीची_सून
पेटीप्रमाणे. सीसाइडची पानं सीसाइडच्या खणात, त्याचे मॅट आणि नाणी वर पाऊचमध्ये.

बदामसात
मला पटत नाही. चिठ्ठ्या उचलून सगळ्यांतली मिसळून दहा निवडत असाल तर नावाप्रमाणेच लावा. कुठलं पान कुठल्या पेटीतलं, हे खेळ संपल्यावर रात्री अकराला कोण आठवत बसणार?

शाहूपुरीची_सून
मिसळून खेळत असतील तर. नवीन माणूस आला की आम्ही एकाच पेटीतली दहा काढतो.

गुलामचोर
आम्ही मिसळूनच खेळतो. मग नावाप्रमाणे. आता शेवटचं, मागच्या पावसाळ्यात पानं धनुष्यासारखी वाकली होती, त्याचं काय करू? घर शुक्रवार पेठेत, तळमजला.

बदामसात
हे पहिल्याच ओळीत सांगायचं होतं! २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी कुठवर आलं ते पेठेतल्यांना आम्ही काय सांगायचं. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. तुम्ही तितकी वाट बघू नका, जूनमध्येच पेटी वर कुणाकडे तरी ठेवा.

एक्का
डांबराच्या गोळ्या टाका. नाहीतर तांदळाची पुरचुंडी.

शाहूपुरीची_सून
दोन्ही नको. गोळ्यांचा वास पानांना बसतो, तांदळात पोरकिडे होतात. रबरी कडेचा घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घ्या, अख्खी पेटी त्यात ठेवा, सोबत नारिंगी सिलिका जेलच्या पुड्या. दाणे हिरवे पडले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर तापवा, पुन्हा नारिंगी होतात. आणि रांगेत पानं सैल सोडू नका. मोकळ्या जागेत फोमचा तुकडा दाबून बसवा, म्हणजे वाकायला वाव राहत नाही.

गुलामचोर
पेटी मोजली. आतून साडेअठ्ठावीस आहे. रांग किती रुंद ठेवू?

उद्यमनगर_फिटर
९३ मिमीच्या तीन रांगा, मध्ये तीन मिमीच्या दोन भिंती. २८५ होतात, बरोब्बर बसतंय. बोट घालून पान उचलायला भिंतीला वरनं अर्धगोल खाच मारा, अन् आधी एक जुना पुठ्ठा कापून बसवून बघा, मगच सनबोर्डला हात लावा.